वरातीमागून घोडं

(रंगमंचावर एक खुर्ची आणि एक स्टूल. स्टुलावर घोड्याचा जुना, ठिगळं लावलेला तोबरा. प्रकाश येतो तेव्हा पन्नाशीचा एक गृहस्थ खुर्चीत बसून प्रेक्षकांवर रिमोट रोखून बटणं दाबतोय. दाबतोय, रिमोट तळहातावर आपटतोय, पुन्हा दाबतोय.)

नाही. बदलतच नाही. (पहिल्या रांगेकडे) इथं बातम्या. (मधल्या रांगेकडे) इथं सासू-सून. (बाल्कनीकडे) वर क्रिकेट. (पुन्हा दाबतो) वर अजूनही क्रिकेट. मॅच कधीचीये माहितीये? त्यातला अंपायर रिटायर होऊन नातवंडं सांभाळायलाय!

(उठतो.) नमस्कार. मी राहतो कुठं, तर टीव्ही सेंटरला. हसू नका, खराच पत्ता आहे. छत्रपती संभाजीनगरच्या हडकोत, टीव्ही सेंटर. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, व्वा, मजा आहे बुवा तुमची. अहो, टीव्ही सेंटरला राहून मला आयुष्यात एक गोष्ट धड टीव्हीवर बघायला मिळाली नाही. घोडा!

रेसचा नाही हं. हे आधीच सांगतो, कारण आपल्याकडे माणसानं 'घोडा' म्हटलं की समोरचा खिशात हात घालतो. आमचा साडू कानात विचारतो, "कोणता लावायचा?" अरे, लावायचा नाही, बघायचा! घोडेस्वारी. अडथळ्यांवरून उड्या, जंगलातून दौड, आणि ते ड्रेसाज. ड्रेसाज म्हटलं की आमची ही विचारते, "कुठं लागलं?" तिला वाटतं ड्रेसिंग.

(तोबरा उचलतो.) हे बघा. ओळखतं का कुणी? मागं एक आजोबा मान हलवायलेत. तोबरा. ह्यात चंदी भरायची, घोड्याच्या तोंडाला अडकवायचा. माझ्या आजोबांचा. आजोबांचा टांगा होता, रेल्वे स्टेशन ते गुलमंडी. घोडी होती अबलख, नाव राणी. आजीचं नावपण राणी होतं. आजोबांनी हाक मारली की दोघी बघायच्या. घोडी आधी यायची.

आजोबांनी मला एकच विद्या दिली. म्हणायचे, "बाळ्या, घोड्याचे पाय सगळेच बघतात. तू कान बघ. कान पुढं असले तर त्याला पुढं काहीतरी दिसलंय. एक कान मागं वळला तर तो मालकाचं ऐकायलाय. दोन्ही कान मागं चिकटले..." (मागे सरकतो) "...तर तू मागं सरक."

तेव्हापासून मी कान बघतो. घोड्यांचे बघतो, बॉसचे बघतो, हिचेही बघतो. कधी सरकायचं ते कळतं.

आता 1982. दिल्लीला एशियाड. देशात रंगीत टीव्ही आला तो त्याच वर्षी. मी दुसरीत. दिवाळीच्या सुट्टीत आजोबांबरोबर पुण्याला मामाकडे गेलो होतो. मामाकडे टीव्ही होता. रंगीत नव्हे, पण मामा पुण्याचा, हार कसा मानेल? त्यानं काचेवर एक प्लास्टिकचा कागद लावला होता, वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. म्हणजे बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे आणि हनुवटी हिरवी.

त्या एशियाडला आपल्या घोडेस्वारांनी कमाल केली हो! रघुबीर सिंग, इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक सुवर्ण. सांघिक सुवर्ण. तंबूच्या मेखा भाल्यानं उपटायचा तो खेळ, टेंट पेगिंग, त्यात रुपिंदर सिंग ब्रारचं सुवर्ण. आणि सांघिक सुवर्णातल्या चौघांची नावं सांगितली तेव्हा त्यात एक नाव आलं, मिल्खा सिंग.

आजोबा ताडकन उठून बसले. "मिल्खा सिंग? तो तर पळायचा!"

मामा म्हणाला, "हो काका."

"मग घोड्यावर कधी बसला?"

मामा पुण्याचा. माहीत नसलं तरी उत्तर देणारच. म्हणाला, "दमला असेल."

(थांबून) तो वेगळा मिल्खा सिंग होता. मला हे कळायला पंचवीस वर्षं लागली. आजोबांना कळलंच नाही. ते जाईपर्यंत सांगायचे, "माणूस बघा, पायांनी जमलं नाही तर घोड्यानं आणलं!"

तर त्या टीव्हीवर एक दिवस घोडा दिसला. खरंच दिसला! निळे कान, हिरवे खूर. धावत आला, अडथळ्यासमोर आला, आजोबा ओरडले, "कान बघ, कान!" मी कान बघितले, दोन्ही पुढं, घोड्यानं पुढचे पाय उचलले आणि... (हात हवेत धरून स्तब्ध) पाटी. 'रुकावट के लिए खेद है.'

तो घोडा अजून हवेत आहे. चाळीसहून जास्त वर्षं झाली. मी जेव्हा जेव्हा टीव्ही लावतो ना, मी त्याला खाली उतरवायला बघतो.

(खुर्चीवर बसतो.) बरं, आमच्या शहराला घोड्याचं वावडं आहे का? अहो, हे शहर खडकी म्हणून वसवलं मलिक अंबरनं, 1610 साली. तो मोगलांना जेरीस आणायचा तो घोडदळावर. इथून वेरूळ हाकेवर, भोसल्यांचं वेरूळ. क्रांती चौकात महाराजांचा अश्वारूढ पुतळा, त्याच्याखालून आपण रोज जातो. घोडा आमच्या चौकात आहे, वरातीत आहे, म्हणींत आहे. फक्त सेट-टॉप बॉक्समध्ये नाही.

जुन्या लष्करात दोन प्रकार होते, माहितीये? ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळायचा तो बारगीर. आमच्या घरात रिमोटचं तेच आहे. आई शिलेदार. रात्री साडेदहानंतर, ती झोपली की, मला रिमोट सरकारातून मिळतो. मी बारगीर.

आणि टीव्हीची भाषा ऐका! शब्दाशब्दात घोडा. टीम इंडियाची विजयी घोडदौड. महागाईला लगाम. एकदा मी न्हाणीत होतो. अंगाला साबण. बाहेरून टीव्हीचा आवाज आला, "मोठी बातमी! राज्यात घोडेबाजार तेजीत!" मला वाटलं, सारंगखेड्याची यात्रा लागली! नाहीतर माळेगावच्या खंडोबाची! मी तसाच टॉवेल गुंडाळून पळत बाहेर. बघतो तर एक बस. बसमध्ये आमदार. बस चालली रिसॉर्टला.

हॉलमध्ये हिची भिशी चालू होती. अकरा बायका. मी टॉवेलवर, साबणात. म्हणालो, "घोडे कुठेत?" एक वहिनी म्हणाल्या, "हेच." (थांबून) कान बघितले. एकाचेही पुढं नव्हते. सगळे मोबाइलला.

मग मी कस्टमर केअरला फोन लावला. कुठल्या ते विचारू नका, सगळ्यांचं संगीत सारखंच असतं. पंधरा मिनिटं संगीत ऐकल्यावर एक पोरगी आली. म्हणालो, "ताई, घोडेस्वारी कुठल्या पॅकमध्ये येते?"

"सर, आपण मुलांसाठी बघताय का? कार्टून पॅक आहे."

"नाही हो, खेळ."

"क्रिकेटचा आहे सर."

"घोड्यांचा!"

"सर... प्राण्यांचा पॅक देऊ का? जंगलातले."

घेतला. महिन्याला इतके रुपये. त्यात घोडे आले हो! आले, नाही असं नाही. पट्ट्यापट्ट्यांचे. आणि प्रत्येकामागं सिंह.

(उठतो.) 2021. टोकियो. वीस वर्षांनी आपला घोडेस्वार ऑलिंपिकला गेला. सिडनीला इम्तियाज अनीस गेला होता, त्यानंतर थेट बेंगळुरूचा फवाद मिर्झा. घोड्याचं नाव सेन्यूर मेडिकॉट, लाडानं मिकी. इव्हेंटिंग म्हणजे कसं, एकाच घोड्यानं तीन परीक्षा द्यायच्या. आधी ड्रेसाज, म्हणजे शिस्त. मग क्रॉस कंट्री, म्हणजे छाती. मग उड्या, म्हणजे दमल्यावर डोकं शाबूत आहे का ते. ड्रेसाजनंतर आपला फवाद नववा! जगात नववा! दुसऱ्या दिवशी 1 ऑगस्ट, क्रॉस कंट्री, आपल्याकडे पहाट. मी चारचा गजर लावला. टीव्हीवर नव्हतं, मोबाइलवर सापडलं. अंधारात, आवाज बंद करून, पांघरुणात घोडा बघत बसलो.

आणि मोरीतून आवाज आला. (कान टवकारतो) फुस्स... खर्रर्र...

नळ!

आता बाहेरगावच्या लोकांना सांगतो. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा सण आहे. तिथी ठरलेली नाही, मुहूर्त पहाटेचा. घर उठलं. ही म्हणाली, "अहो, मोटर!" आई म्हणाली, "पिंप!" माझ्या एका हातात पाइप, दुसऱ्या हातात मोबाइल. तिकडं फवाद पाण्याच्या खड्ड्यावरून घोडा काढायलाय, इकडं मी पाण्याच्या खड्ड्यातून पाइप. दोघंही ओले!

त्या खेळात ठरलेल्या वेळेहून उशीर झाला की सेकंदाला 0.4 गुण दंड. फवादला 11.20 दंड पडला. बसून हिशोब करा, 28 सेकंद. अठ्ठावीस सेकंदांसाठी नवव्यावरून बाविसावा! शेवटी तेविसावा आला. मी नळाकडे बघितलं. म्हटलं, तुला कुणी लावला का रे दंड, सेकंदाला 0.4?

सकाळी बातम्यांत बघावं म्हटलं. आला. खाली पट्टीवर आला. 'अश्वारोहण: फवाद मिर्झा...' एवढ्यात पट्टीवर सोन्याचा भाव. चोवीस कॅरेट.

(स्टूल पुढे ओढतो, बसतो. सावकाश.) आणि मग 2023. हांगझोऊचं एशियाड. 26 सप्टेंबर, मंगळवार. घरात गणपती. आदल्याच दिवशी आपल्या पोरींनी क्रिकेटचं सुवर्ण आणलेलं, छान झालं, मीही पेढे वाटले. पण मंगळवारी दिवसभर तेच चाललेलं आणि तिकडं चार पोरं ड्रेसाजच्या चौकोनात उतरायलेत! अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, दिव्यकृती सिंग, सुदिप्ती हजेला. घरदार सोडून युरोपात राहून शिकलेली पोरं. घोडेही तिथलेच. घोड्यांना क्वारंटाइन करून विमानानं चीनला नेलेलं.

मी हिला घोड्यांची नावं वाचून दाखवली. "अनुषचा एट्रो. दिव्यकृतीचा अ‍ॅड्रिनलिन फिरफोड." ही म्हणाली, "जेवणाआधी घ्यायची का नंतर?" पुढं वाचलं, "हृदयचा केमएक्सप्रो एमराल्ड." आमचे सासरे कन्नड तालुक्याचे, कपाशीवाले. कोपऱ्यातून म्हणाले, "ते चांगलंय. बोंडअळीवर चालतं."

चारांपैकी तिघांचे गुण धरतात. 71.088, 69.941, 68.176. बेरीज 209.205. यजमान चीन मागं! सुवर्ण! घोडेस्वारीत एक्केचाळीस वर्षांनी सुवर्ण! मी देवघरासमोर नाचलो. मुलगा बाहेर आला, "बाबा, काय झालं?" म्हटलं, "सुवर्ण! ड्रेसाजला!" तो म्हणाला, "दाखवा." मी टीव्ही लावला. (रिमोट रोखतो) रिप्ले. रिप्ले. पॅनल चर्चा. सासू-सून. बस, बसमध्ये आमदार.

रात्री अकराला आला. पदक गळ्यात घातलेला फोटो. घोडे फोटोत नव्हते. वर जिंकले, वरात गेली, पंगत उठली, आणि मग घोडं. तेही फोटोत नाही!

(उठतो. लांबून ढोलाचा आवाज, हळूहळू वाढत जातो.) दोन दिवसांनी अनंत चतुर्दशी. संस्थान गणपतीपासून मिरवणूक निघालेली. त्याच दिवशी वैयक्तिक फेरी, संगीतावरची. घोडा संगीतावर चालतो हो त्यात! धावता धावता आघाडीचा पाय बदलतो, मागच्या पायांवर गिरकी घेतो. अनुष आणि एट्रो. मी गुलमंडीच्या गर्दीत, गुलालात, मोबाइल डोक्यावर धरून उभा. त्यांचं संगीत मला ऐकू येत नव्हतं, आमचा ढोल ऐकू येत होता. आणि सांगतो, एट्रो ढोलावर चालत होता! टिपरी पडली की पाय बदलायचा. (पावलं टाकून दाखवतो) ढाण-ढाण-टिक... ढाण-ढाण-टिक...

आजूबाजूची पोरं जमा झाली. "काका, काय हे?" "आपला आहे, भारताचा." "नाचायलाय?" "नाचायलाय." दहा डोकी झाली, वीस झाली. कुणीतरी माझा हात धरून ठेवला, दुखू नये म्हणून. पहिल्यांदा माझ्याबरोबर कुणीतरी घोडा बघत होतं!

मिरवणुकीत एक सजवलेला घोडा होता, वरातीचा. त्याचा मालक, डोक्याला टॉवेल बांधलेला, गर्दीतून आत आला. स्क्रीनला नाक लावून बघायला लागला. पाय नाही बघितले त्यानं. म्हणाला, "कान बघा त्याचे."

(आवाज खाली) मी बघितलं. एक कान मागं. मालकाचं ऐकायलाय.

कांस्य मिळालं. 73.030. पोरं ओरडली, गुलाल उधळला, मूठभर माझ्या मोबाइलवर. गुलालाखाली घोडा उभा, मान खाली. खाली उतरलेला. पूर्ण. चारही पाय जमिनीवर.

मालक हलेना. मला म्हणाला, "साहेब, वरातीला किती घेतो हा?"

म्हटलं, "पाच मिनिटं नाचतो. येतो मात्र विमानानं."

त्यानं आपल्या घोड्याच्या मानेवर थाप मारली. जरा विचार केला.

"मंग नको. आमचा टेम्पोत येतो."

(ढोलाची एक टिपरी. अंधार.)