गुण्यात नसलेली खोली

पुलगावच्या आमच्या घरामागे एक खोली आहे. कागदावर १२ बाय १६ फुटांची. पाहुणे आत येतात, हवेशीर आहे म्हणतात आणि जरा थांबून विचारतात, "कपाट असं वाकडं काहून ठेवलं जी?" कपाट सरळ आहे. वाकडी आहे ती भिंत, आणि तिच्या पायाची आखणी मी केली आहे.

या वाकडेपणाचं मूळ माझ्या १९८६ सालच्या दहावीत आहे. सरांचा काही दोष नाही. समांतर रेषा शिकवायला ते आम्हाला चक्क स्टेशनावर घेऊन गेले होते. इकडे वर्धा-नागपूरकडे जाणारी मोठी लाईन, तिकडे आर्वीची अडीच फुटी नॅरोगेज. रूळ म्हणजे समांतर रेषा, स्लीपर म्हणजे छेदिका, दाखवा पाहू संगत कोन! पोरं कोन दाखवत होती. मी आर्वीच्या गाडीत चढणाऱ्या भज्यांच्या टोपलीकडे पाहत होतो.

परीक्षा जवळ आली तशी मी 'अपेक्षित' आणलं. टॉलेमी राजानं युक्लिडला भूमितीचा सोपा रस्ता विचारला, तेव्हा भूमितीला राजमार्ग नाही असं उत्तर मिळालं म्हणतात. बिचाऱ्याच्या राज्यात अपेक्षित प्रश्नसंच विकायला येत नसावेत. मी पायथागोरसचं प्रमेय आरतीसारखं पाठ केलं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ही चार कडवी. त्रिकोण एबीसी, कोन बी काटकोन, बीपासून कर्णावर लंब बीडी. आईलासुद्धा ऐकून ऐकून दुसरं कडवं यायला लागलं होतं.

पेपरात आला त्रिकोण पीक्यूआर. त्याचा काटकोन वर, पीपाशी. आमची ओळख नव्हती. छपाईची चूक असेल असं समजून मी उदार मनानं लिहिलं, "समजा, पीक्यूआर म्हणजेच एबीसी." आणि अख्खी आरती उतरवली. आता पी म्हणजे ए धरल्यावर काटकोन एपाशी गेला. लंब मात्र पाठांतराप्रमाणे बीपासूनच टाकला. तो लंब निमूटपणे एबी बाजूवर जाऊन झोपला, आणि डी हा बिंदू एच्या घरी राहायला आला. दोन समरूप त्रिकोणांपैकी एक सपाट झाला. मी शेवटी 'हेच सिद्ध करायचे होते' लिहून दोनदा अधोरेखित केलं. काठावर पास झालो.

पुढे ३२ वर्षं भूमितीनं मला त्रास दिला नाही, मीही तिला दिला नाही. २०१८च्या उन्हाळ्यात खोली काढायला घेतली. मिस्त्री तीन दिवस लग्नाला गेला आणि खड्डे खोदणारे मजूर सकाळी येऊन उभे राहिले. रोजी कशाला बुडवा, म्हणून मीच टेप घेतला. जुन्या भिंतीलगत १६ फूट, समोर १६ फूट, दोन्हीकडे १२-१२. समोरासमोरच्या बाजू सारख्या, म्हणजे झाला आयत! फक्की मारून मोकळा. मिस्त्री परत आला. "लाईन कोणं टाकली?" "मी." यावर तो गप्प बसला. शिकलेल्या माणसाला काय विचारायचं, असं त्याला वाटलं असावं.

भांडं फोडलं फरशीवाल्यानं. पहिल्या कोपऱ्यात फरशी अख्खी बसली. पुढे भिंतीलगत एक पाचर निघाली, ती रुंदावत रुंदावत शेवटच्या कोपऱ्यात पावणेचार इंच झाली. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं टेप कोनाकोनी धरला. एक कर्ण २० फूट ३ इंच, दुसरा १९ फूट ९ इंच. "गुण्यात नाई भाऊ. तीन-चार-पाच नाई लावलं काय?" १२, १६ आणि २०. तीन-चार-पाचची चौपट. ज्या प्रमेयाची मी आरती म्हणत होतो ते त्याच्या सुतळीला गाठ मारून बांधलेलं होतं. आयताचे कर्ण एकरूप असतात, हेही मला पाठ होतं; ते मोजायचे असतात, हे अपेक्षितमध्ये नव्हतं.

मुलगी तेव्हा दहावीला. तिचं 'गणित भाग २' घेऊन मी रात्री बसू लागलो. ती मुद्दाम त्रिकोण उलटा काढायची, अक्षरं बदलायची. "बाबा, काटकोनाच्या समोर असतो तो कर्ण. तिरपा दिसतो तो नाही." मग मी जोरात येऊन भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या मोराला हात घातला. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी बीळ, २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय. दोघं सारखंच अंतर कापतात, तर मोर सापाला कुठे धरेल? मी २७चं निम्मं केलं. साडेतेरा हातांवर मोर पोचला तेव्हा साप पुढे निघून गेला होता. दोन रात्री तो असाच वाचला. तिसऱ्या रात्री बिळापासून १२ हातांवर सापडला: मोराचे १५, सापाचेही १५. रात्री साडेअकराला मी बायकोला उठवून सांगितलं. "मारला का?" एवढं विचारून ती कुशीवर वळली.

यंदा मोरी वाढवली, ६ बाय ८ची. मिस्त्री येण्याआधीच मी कर्ण तोंडी काढून बसलो होतो, दहा. त्यानं सुतळी ताणली, टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"भाऊ, तुमी फक्त टेप धरा."