वस्तरा घरीच लावा, जमल्यास

जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावाहून जांब समर्थ जवळच. तिथं 1608 साली जन्मलेल्या रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेचा अख्खा समास लिहून बरू कसला आणावा इथपर्यंत सांगून ठेवलं. वस्तरा कसा लावावा हे मात्र राहून गेलं. ती उणीव आम्ही नम्रपणे भरून काढत आहोत.

आधी वस्तरा शोधा. तो आजोबांच्या पेटीत जुन्या सातबाराखाली असतो. गंजलेला, धारेला खांडं पडलेली, मुठीचा खिळा ढिला. ‘जालन्यात एवढं पोलाद निघतं, नवाच घडवून घ्या की,’ असं कुणीतरी म्हणेलच. त्याला सांगा, जालन्याची सळई स्लॅबात घालायची. तिला 0.3 टक्क्यापर्यंतच कार्बन चालतो, वस्तऱ्याला एक टक्क्याच्या आसपास लागतो. सळईचा वस्तरा केला तर दाढीपुढं वस्तराच माघार घेईल.

आता दगड. प्रकरण नाजूक आहे, कारण घरात एक दगड आधीच असतो आणि त्यावर मिरची वाटतात. पाट्याला हात लावू नका. शास्त्रीय कारण असं, की आपला काळा पाषाण लाव्ह्याचा, दाणा बारीक खरा, पण पाट्याला टाकी लावलेली. वस्तऱ्याच्या धारेची करवत होते. अशास्त्रीय कारण आई सांगेल. खांडं काढायला 1000 नंबरचा दगड आणा, मग 4000, 8000 आणि हौस उरली तर 12000. एवढ्या पैशात सलूनात किती दाढ्या झाल्या असत्या, हा हिशेब घरात काढू देऊ नका.

दारावर धारवाला आला की मोह होईल. विळा, कुऱ्हाड खुशाल द्या. वस्तऱ्याची कड इतकी पातळ, की कोरड्या चाकावर क्षणात तापून निळी पडते, म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. असं पातं पाकिटं फोडायला बरं, पण हल्ली पत्रं कुठं येतात?

दगड ओला करून पातं आडवं ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. कोन मोजायचा नाही, तो पाठीच्या जाडीनंच ठरतो. घडवणाऱ्यानं आपल्यावर फारसा भरवसा ठेवलेला दिसत नाही. धार पुढं करून सरकवा, पाठीवर उलटा, परत आणा. जोर लावायचा तर कापसाच्या बोंद्र्या उचलताना लावा, इथं नको. शेवटी चामड्याचा पट्टा. तिथं सगळं उलट: पाठ पुढं, धार मागं. विसरलात तर एका पट्ट्याचे दोन होतील.

राहिला मुठीचा ढिला खिळा, त्याला बारक्या हातोडीनं टिचक्या द्याव्यात. संतापून नव्हे, मूठ तडकते.

धार लागली का, हे हातावरचे केस काढून पाहतात. शिकाऊ माणूस त्यामुळं दुरूनही ओळखू येतो: दोन्ही हात कोपरापर्यंत गुळगुळीत, गालावर आठवड्याची दाढी. नवशिके कारागीर फेस लावलेल्या फुग्यावर हात बसवतात, तुम्हीही बसवा. फुगा टिकला तर कानशिलापासून गालापर्यंत या. गळ्याच्या वाटेला तूर्त जाऊ नका, तेवढं काम सलूनवाल्याला द्या. तो तुमचा वस्तरा उजेडात धरील, ‘लई भारी लागलाय हो मालक,’ म्हणून बाजूला ठेवील, आणि स्वतःच्या वस्तऱ्यात नवं ब्लेड अर्धं मोडून घालील. पैसे पूर्ण दाढीचे पडतील.