पुराव्यांची बैलगाडी

निवडणुकीच्या सभेत भ्रष्टाचाराचा विषय निघाला की मागच्या खुर्च्यांवरची माणसं जागी होतात. तोवर रस्ते, पाणी, वीज, हमीभाव असं सगळं सांगून झालेलं असतं. श्रोते शेंगदाणे सोलत, मोबाइल बघत, हा कधी आटपतो आणि मोठे साहेब कधी येतात याची वाट बघत असतात. मग वक्ता आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "माझ्याकडे पुरावे आहेत." झालं! शेंगदाणे थांबतात. आपल्या गावाला काय मिळणार हे जांभया देत ऐकणारी माणसं दुसऱ्याने काय ढापलं हे ऐकायला कान टवकारून बसतात.

हे पुरावे कशातून आणायचे यालाही एक इतिहास आहे. बोफोर्स तोफांच्या खरेदीतली लाच गाजत होती त्या दिवसांत विश्वनाथ प्रताप सिंह सभेत खिशातून एक कागद काढत आणि त्यावर स्विस बँकेतल्या खात्याचा नंबर आहे असं सांगत. देश हलवायला तेव्हा खिशात मावेल एवढा पुरावा पुरे होता. नव्वदच्या दशकात मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार ट्रकभर पुराव्यांची भाषा बोलले, आणि महाराष्ट्र पुढे बराच काळ रस्त्याकडे डोळे लावून त्या ट्रकची वाट बघत राहिला. २०१३ साली सिंचन घोटाळ्याची कागदपत्रं घेऊन भाजपचे नेते चितळे समितीकडे औरंगाबादला गेले, ते बैलगाडीतून. पाटबंधाऱ्याचा विषय, कष्टकऱ्यांचं राज्य, म्हणून बैलगाडी. निवड मुळीच चुकली नव्हती, फोटोही झकास आले. पुढे ज्यांच्याविरुद्ध ती गाडी जुंपली होती ते आणि गाडीवर बसलेले यांनी २०१९ साली एकदा पहाटे एकत्र शपथ घेतली, आणि २०२३ साली भर दुपारी एका मंत्रिमंडळात आले. नावं लिहीत नाही, ती शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. बैलांचं पुढे काय झालं हे मात्र कुठल्याच पेपरात वाचल्याचं आठवत नाही.

अशा भाषणांनी टाळ्या मिळतात यात वाद नाही. मतं मिळतात का, हा प्रश्न आहे. मला त्याचं उत्तर सिमेंटच्या गोणीत सापडतं असं वाटतं.

साल १९८१. सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होतं. घराची पडकी भिंत उभी करायची तरी परमिट लागे, आणि परमिट हातात पडलं म्हणून गोणी हातात पडेल असंही नसे. अशा दिवसांत अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लिहिलं की मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानांना बिल्डर देणग्या देतात आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळतो. हा घोटाळा समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नव्हती. सिमेंटची गोणी खांद्यावर घेतली की पाठीत नेमकी कुठे कळ येते हे अर्ध्या महाराष्ट्राला माहीत होतं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरुद्ध गेला आणि अंतुले पायउतार झाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कुलाबा मतदारसंघाने १९८९ साली त्यांना लोकसभेत पाठवलं. १९९१ साली पुन्हा, १९९६ साली पुन्हा. आणि १९८९ म्हणजे साल तरी कुठलं? ज्या साली बोफोर्सवरून उत्तरेतल्या प्रत्येक भिंतीवर गल्लीगल्लीतला शोर आणि चोर लिहिलेला होता, तेच.

आमची आत्या त्याच मतदारसंघातल्या, रोह्याजवळच्या एका गावात राहते. तिला मी मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं, "आत्या, सिमेंटचं एवढं गाजलं, तरी तुम्ही त्यांनाच मतं कशी दिलीत गं?"

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सिमेंट गेलं ते मुंबईच्या बिल्डरांचं. आमच्याकडे तेव्हा घरं कुडाची होती."

मग थोड्या वेळाने, एक खडा बाजूला टाकून, "आणि आमच्या वाडीतल्या दोन निराधार बायांना दर महिन्याला पैसे सुरू झाले, ते कुणाच्या राज्यात?" ते खरंच होतं. संजय गांधी निराधार योजना अंतुल्यांच्या काळातली, १९८० सालची. आमच्या घरी पुण्यात पेपर यायचा, आत्याच्या वाडीत पैसे यायचे. दोन्हीकडे एकच मुख्यमंत्री होता, एवढंच.

तेव्हापासून मी घोटाळ्यांकडे आत्याच्या नजरेने बघायला शिकलो. आकडा किती मोठा आहे याने काही होत नाही, गोणी कुणाची गेली याने होतं. बोफोर्समधली लाच सांगितली जायची ६४ कोटींची. आज तेवढ्या रकमेच्या आरोपावर एखादा आमदार अपमान वाटून मानहानीचा दावा लावेल. टू-जीच्या वेळी महालेखापरीक्षकांनी १ लाख ७६ हजार कोटींचा आकडा मांडला, सिंचनाचा म्हणून ७० हजार कोटींचा फिरला. एवढी शून्यं मोजता मोजता माणसाचा राग निवतो. उलट सातबाऱ्यावर नोंद घालायला कुणी पाचशे रुपये मागितले तर तो आयुष्यभर लक्षात राहतो, आणि गंमत म्हणजे त्याविरुद्ध भाषण कुणीच करत नाही.

पण बोफोर्सने राजीव गांधींचं सरकार पाडलंच ना, असं कुणी म्हणेल. काँग्रेस १९८४ साली चारशेच्या वर होती ती १९८९ साली १९७ वर आली, हे खरं. मात्र तेव्हाही देशभरात तिला जवळजवळ ४० टक्के मतं पडली होती, आणि विरोधकांनी त्या वेळी आपसात जागा इतक्या शहाणपणाने वाटून घेतल्या होत्या की तसं शहाणपण त्यांना पुन्हा क्वचितच सुचलं. अयोध्या होती, शाहबानो प्रकरण होतं. महाराष्ट्रात तर ४८ पैकी निम्म्याहून जास्त जागा काँग्रेसनेच जिंकल्या. तोफेचा आवाज विंध्य ओलांडेपर्यंत पुष्कळ खाली आला असावा. बरोबर ३० वर्षांनी, २०१९ साली, 'चौकीदार चोर है' ही घोषणा आली. शब्द तोच, आरोप पुन्हा संरक्षण खरेदीचाच. लोकांनी काय केलं, तर समाजमाध्यमांवर आपल्याच नावापुढे 'चौकीदार' लावून घेतलं आणि काँग्रेसला ५२ जागांवर बसवलं.

माझा एक संशय आहे. मत आधी ठरतं आणि कारण मागून शोधलं जातं. आमच्या सोसायटीत दर निवडणुकीला सर्वेक्षणवाली मुलं येतात. "काका, मतदान करताना कुठला मुद्दा महत्त्वाचा वाटतो?" आमचे शेजारी छाती काढून सांगतात, "भ्रष्टाचार!" त्यांचा खरा राग असा की नगरसेवक त्यांच्या मुलीच्या लग्नाला आला नाही, आणि समोरच्या विंगमधल्या मुंजीला मात्र दोनदा जेवून गेला. आता हे त्या सर्वेक्षणवाल्या मुलांना टॅबवर कुठल्या रकान्यात भरता येणार? जात सांगायची लाज वाटते, कांद्याचा भाव सांगितला तर स्वार्थी दिसतो, पाकिटाचं तर नावच नको. चारचौघांत बिनदिक्कत सांगता येईल असं कारण एकच उरतं. म्हणून सर्वेक्षणात भ्रष्टाचार नेहमी पहिल्या तिनांत असतो आणि निकालात कुठे असतो ते शोधावं लागतं.

याचा अर्थ घोषणा फुकट जाते असं नाही. चिडलेल्या माणसाला आपल्या चिडीसाठी एक शब्द हवा असतो, आणि तो शब्द घोषणा पुरवते. जो चिडलेलाच नाही त्याला मात्र ती चिडवू शकत नाही. १९९५ साली कोकणातला एन्रॉनचा वीज प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची गर्जना झाली आणि काँग्रेस ८० जागांवर आली. पण त्याच निवडणुकीत ४५ अपक्ष निवडून आले, आणि त्यातले बरेचसे बंडखोर काँग्रेसवालेच होते. लोक पक्षावर रागावले होते, आपल्या माणसावर नव्हे. एन्रॉनचं म्हणाल तर तो करार नव्या सरकारने रद्द केला आणि मग नव्याने वाटाघाटी करून पुन्हा केला. समुद्रात बुडवलेली वस्तू इतक्या लवकर वाळून परत वर येण्याचं कोकणातलं ते एकमेव उदाहरण असावं.

अण्णा हजाऱ्यांच्या टोप्या आठवतात? २०११ साली रामलीला मैदान पांढरं झालं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात अण्णा मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात बसले, तर गर्दी जमेना आणि उपोषण आधीच आवरावं लागलं. आपल्याच राज्यातला माणूस, आपलीच टोपी, पण मुंबईकराला त्या दिवशी ऑफिस होतं. २०१४ साली 'आप'ने महाराष्ट्रात मेधा पाटकर, अंजली दमानिया अशी खणखणीत माणसं लोकसभेला उभी केली आणि एकही जागा आली नाही. दिल्लीत मात्र २०१५ साली ७० पैकी ६७. झाडूचा प्रताप म्हणावा तर विजेचं बिल निम्मं आणि पाणी फुकट हेही त्याच जाहीरनाम्यात होतं. पुढे मद्य धोरणाचे आणि बंगल्याच्या नूतनीकरणाचे आरोप त्यांच्याच अंगावर आले आणि २०२५ साली ते २२ वर उतरले. या धंद्यात हा एक धोका आहेच. रस्ते करू म्हणणाऱ्याने रस्ते केले नाहीत तर लोक सवयीने माफ करतात. स्वच्छ आहे म्हणणाऱ्याच्या शर्टावर चहाचा डाग दिसला तरी त्याची चर्चा होते.

आपल्याकडची अलीकडची सर्वांत चालती घोषणा म्हणजे 'पन्नास खोके, एकदम ओके'. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर फुटीर आमदारांविरुद्ध ती दुमदुमली आणि दोन आठवड्यांत पोळ्याच्या बैलांच्या पाठीवर रंगवलेली दिसली. पुराव्यांची गाडी ओढणारा बैल स्वतःच फलक झाला, ही प्रगतीच म्हणायची. लग्नाच्या वरातीत, क्रिकेटच्या मैदानात, कुणी भजी जास्त घेतली तरी 'खोके!' अशी आरोळी. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीला ३० जागा मिळाल्या तेव्हा खोक्यांनी काम केलं असं सगळ्यांना वाटलं, कांद्याच्या निर्यातबंदीचा विषय तेवढ्यापुरता मागे पडला. मग सहा महिन्यांनी विधानसभेला ज्यांच्यावर खोक्यांचा आरोप होता त्यांचीच महायुती २३० जागा घेऊन आली. मधल्या काळात लाडक्या बहिणीच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये पडू लागले होते. आत्याच्या सुनेच्या खात्यात ते आले. आत्याचं वय पासष्टच्या वर, त्यामुळे तिला नाहीत. भ्रष्टाचार म्हणावा तो हाच, असं तिचं म्हणणं आहे.

आता आपलंही थोडं सांगायला हवं. भ्रष्टाचारावरचं भाषण आपण कीर्तनासारखं ऐकतो. बुवा रंगला पाहिजे, निरूपणात व्यसनांना झोडपलं पाहिजे, आणि आरती झाली की बाहेर येऊन आपण तंबाखू मळायला मोकळे. सरकारी कचेरीत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फलक असतो, १०६४ हा नंबर ठळक लिहिलेला. त्याच फलकाखालच्या बाकावर बसून लोक 'इथे किती द्यावे लागतात' याची चौकशी करतात, कारण बसायला दुसरी जागा नसते. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राचंही तसंच. सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे गेली वीसेक वर्षं मालमत्ता आणि गुन्हे जाहीर करावे लागतात. आमच्याकडे त्यातलं काय वाचलं जातं? बायकोच्या नावावर किती तोळे. आणि आकडा डोळे दिपवणारा असला की नाक्यावर निष्कर्ष निघतो, "बरं झालं, याला आता खायची गरज नाही."

शेजारच्या कर्नाटकात मात्र २०२३ साली '४० टक्के सरकार' ही घोषणा चांगलीच लागू पडली, काँग्रेसला १३५ जागा मिळाल्या. मला वाटतं, ती टक्केवारी होती म्हणून. टक्का मोजणारा ठेकेदार गावातलाच असतो, आणि त्याने उरलेल्या साठांत केलेला रस्ता पहिल्या पावसात आपल्याच दाराशी उखडतो. गोणी पुन्हा आपली झाली. तरीही काँग्रेसने पाच हमींचं कार्ड सोबत छापलं होतंच. नुसत्या टक्क्यावर विसंबण्याइतकी भोळी ती नव्हती.

राहता राहिला प्रामाणिक उमेदवार. तो प्रत्येक मतदारसंघात एक तरी असतो. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, नाहीतर वकील. चिन्ह शिट्टी किंवा शिलाई यंत्र. पुण्यात अरुण भाटियांसारखा कडक अधिकारी लोकसभेला उभा राहिला तेव्हा पेठांपासून कोथरूडपर्यंत प्रत्येक जण त्यांचं कौतुक करत होता. मत दुसरीकडे दिलं, कारण ते वाया जायला नको. एकूण मतांच्या एकषष्ठांशही मतं मिळाली नाहीत की अनामत जप्त होते. प्रामाणिक उमेदवारांच्या अनामतींतून सरकारच्या तिजोरीत जमा होणारा पैसा हा बहुधा तिथला सर्वांत स्वच्छ पैसा असेल.

आत्याच्या तालुक्यातही असा एक निवृत्त हेडमास्तर विधानसभेला उभा होता. पायी फिरला, बॅनर लावला नाही, कुणाला चहा पाजला नाही. आत्याला त्याच्याविषयी फार आदर.

"देवमाणूस आहे रे," ती म्हणाली. "पण त्याच्या शब्दाला तहसीलदार मान देईल का?"

मी म्हटलं, "आत्या, तो निवडून आला तर तहसीलदाराकडे कुणाचा शब्द टाकावाच लागणार नाही. कामं आपसूक होतील."

आत्याने यावर खरोखरच विचार केला. मग म्हणाली, "मग तो दिवसभर करणार काय?"