पाचपेपरी

सार्वजनिक वाचनालयाचं कुलूप निघण्याआधी पायरीवर हजर असतो तो पाचपेपरी. बहुधा निवृत्त, खिशाला दोन पेनं, गळ्यात चष्म्याची दोरी, चेहऱ्यावर निकाल राखून ठेवलेल्या न्यायमूर्तींचं गांभीर्य. घरी येणाऱ्या एकाच पेपरावर जगणाऱ्यांची त्याला कीव येते. त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी मोठ्या खपाचा, मग सरकारवर खार खाणारा, मग इंग्रजी, मग जिल्ह्याचा, आणि शेवटी ज्याला तो चारचौघांत शिव्या घालतो तो. या शेवटच्याला सगळ्यात जास्त वेळ मिळतो. मग खुर्ची मागे सारून तो जाहीर करतो, "पाचही पेपरांत आलंय. विषय संपला!"

विषय तिथे संपत नाही, कारण त्याने मोजलेले असतात पेपर. मोजायला हवे होते बातमीदार. पाचही ठिकाणी बातमीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'पीटीआय' किंवा 'वृत्तसंस्था' असं छापलेलं असतं, आणि ती ओळ सोडून तो बाकी सगळं वाचतो. दिल्लीतल्या एका माणसाने लिहिलेला मजकूर पाच छापखान्यांतून निघाला, तर साक्षीदार एकच राहतो. पाचही ठिकाणी गावाचं नाव सारखंच चुकलेलं असलं, तरी पाचपेपरी ती चूक एकमताने मंजूर करतो. साक्षींच्या संख्येवरच सत्य ठरायचं असेल, तर 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला हे मान्य करावं लागेल. दिल्लीहून फोन सुटले, देशभर देवळांपुढे रांगा लागल्या, लंडनमधूनही दुजोरा आला. मग केंद्राच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीत दुधात रंग मिसळला, तेव्हा पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढलं गेलेलं दूध मूर्तीवरून खाली ओघळताना दिसलं. लाखोंच्या साक्षीला रंगाचे चार थेंब भारी पडले.

यावर पाचपेपरी म्हणेल, "त्या अफवा हो, मी छापील बातमीबद्दल बोलतोय." ठीक. 23 नोव्हेंबर 2019 ची सकाळ घेऊ. आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवारांनी सांगितलं होतं, आणि राज्यभरचे पेपर तेच मथळ्यात घेऊन दारात पडले. पहाटे 5:47 ला राष्ट्रपती राजवट उठली होती. आठच्या सुमारास राजभवनावर देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते. पेपर खोटं बोलत नव्हते. सगळे एकाच दाराशी उभे होते, आणि घडामोड दुसऱ्या दाराने निघून गेली. पुढे 28 तारखेला शिवाजी पार्कवर ठाकरे यांचा शपथविधी झालाच. त्या दिवशी 23 चा अंक काढून "मी म्हणत नव्हतो?" असं विचारणारे पाचपेपरी गावोगाव निघाले असणार.

मग एकच पेपर वाचून गप्प बसावं का? मुळीच नाही. एकपेपरीपेक्षा हा गृहस्थ कधीही बरा. निदान दुसरी बाजू असते एवढं तरी त्याला ठाऊक आहे. फक्त त्याचं लक्ष पेपर कुठे जुळतात याकडे असतं, आणि पाहण्यासारखं असतं ते कुठे भांडतात हे. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात टिळकांचा 'केसरी' आणि आगरकरांचा 'सुधारक' एकमेकांवर तुटून पडले होते. दोन्ही वाचणाऱ्याला बरोबर कोण हे आयतं कळलं नसतं. पण मुलींचं संमतिवय दहावरून बारावर जाणार, ही गोष्ट टिळकही नाकारत नाहीत आणि आगरकरही, हे कळलं असतं. वैऱ्यांनी निमूटपणे मान्य केलेली गोष्ट सहसा पक्की असते. नोकरदाराने एवढा वेळ कुठून काढायचा, असं कुणी विचारील. त्याला पाच लागतच नाहीत. एकमेकांशी न पटणारे दोन पुरतात.

पाचपेपरीला हे पटण्याची चिन्हं नाहीत. उलट अलीकडे त्याची व्याप्ती वाढली आहे. पाचव्या पेपरातल्या बातमीचा फोटो त्याला संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो, भाच्याकडून. तो चष्मा लावून, बोटांनी फोटो मोठा करून, ती पुन्हा पहिल्यापासून वाचतो आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतो, "अगं, सहाव्या ठिकाणीही आलंय!"