सात मीटरवरची शांतता

घरासाठी जनरेटर घ्यायला निघालेल्या मराठी गृहस्थाच्या अटी तीन असतात. आवाज नको, एसी चालायला हवा आणि सोसायटीच्या जिन्यावरून एकट्याने वर नेता यायला हवा. तिन्ही अटी एकदम पाळणारे यंत्र अजून कुठल्या कारखान्यातून बाहेर पडलेले नाही. ते विकणारे दुकानदार मात्र प्रत्येक शहरात आहेत.

दुकानदार जनरेटर फुटपाथवर आणतो, दोरी ओढतो आणि विजयी मुद्रेने विचारतो, ‘‘साहेब, आवाज येतोय का?’’ मागून नुकतीच पीएमपीची बस गेलेली असते, सिग्नलला दुचाक्या घुरघुरत असतात आणि यंत्राला एक बल्बसुद्धा जोडलेला नसतो. साहेबांना आवाज येत नाही. खरे तर दुकानदाराचा प्रश्नही त्यांना नीट ऐकू आलेला नसतो, पण ते मान डोलावतात आणि व्यवहार पुढे सरकतो.

ज्यांचा कानांवर विश्वास नाही, ते माहितीपत्रक मागतात. तिथे खरी गंमत आहे. या वर्गातले नावाजलेले यंत्र म्हणजे होंडाचा 2200 वॉटचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर. वजन 21 किलोच्या आसपास. अमेरिकेतल्या माहितीपत्रकात त्याचा आवाज 48 ते 57 डेसिबल आहे. त्याच्याच युरोपातल्या भावंडाच्या अंगावर कायद्याने चिकटवलेल्या लेबलावर आकडा आहे 90. यात कोणी खोटे बोलत नाही. 48 हा पाव भारावर, सात मीटर लांब उभे राहिल्यावर कानाशी पोचणारा आवाज. 90 हा यंत्रातून चहूबाजूंनी बाहेर पडणाऱ्या एकूण ध्वनिशक्तीचा आकडा. त्यात तुम्ही कुठे उभे आहात याला किंमत नाही. भारतातही 2003 पासून पेट्रोल-रॉकेलवरच्या जनरेटरला 86 डेसिबलची मर्यादा आहे, आणि तीही या दुसऱ्याच मापाने मोजायची. दुकानात मात्र हे माप कोणी उच्चारत नाही. 86 ऐकून गिऱ्हाईक पळेल आणि 48 ऐकून पाकीट काढेल, एवढे ध्वनिशास्त्र प्रत्येक दुकानदाराला येते.

वर ‘‘दहाच डेसिबलचा तर फरक आहे’’ अशी समजूतही काढली जाते. दहा डेसिबल चढले की ध्वनीची शक्ती दसपट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. बँकेच्या व्याजात पाव टक्क्यासाठी तीन शाखा फिरणारा माणूस इथे दहा सोडून देतो.

आता शेजारी कुठे बसवायचा, याचे गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो आणि निम्मे झाले की तेवढाच चढतो. पूर्ण भारावर सात मीटरवर 57 असेल, तर साडेतीन मीटरवर, म्हणजे शेजारच्या बाल्कनीत, तो 63 होतो. समोरासमोरच्या इमारतींच्या भिंती त्यात आपली भर घालतात ती वेगळीच. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा आहे 45 डेसिबलची. 57 चे 45 व्हायला शेजाऱ्याने 28 मीटर लांब राहायला हवे. कोथरूडला किंवा डोंबिवलीला 28 मीटरवर शेजाऱ्याच्याही पलीकडची सोसायटी असते, आणि तिचा स्वतःचा जनरेटर असतो.

तरीही इन्व्हर्टर जनरेटर खरोखरच कमी आवाज करतो, हे मान्य करायला हवे. साध्या पोर्टेबल जनरेटरचे इंजिन एक बल्ब लावा नाहीतर दहा, मिनिटाला 3000 फेऱ्या घेतच राहते, कारण पन्नास हर्ट्झची वीज त्या वेगाशी बांधलेली असते. इन्व्हर्टरवाला आधी विजेची डीसी करतो, मग पुन्हा एसी, त्यामुळे इंजिनाला भाराप्रमाणे हळू चालता येते. ‘इको’ नावाचे बटण म्हणजे हेच. दोन पंखे आणि चार दिव्यांवर यंत्र गुणगुणते. मग फ्रिजचा कॉम्प्रेसर जागा होतो, इंजिन दचकून ओरडते आणि खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येतात.

काकूंचे म्हणणे रास्त असते. विजेशिवाय त्याही बसलेल्या असतात. फरक एवढाच की पंखा वरच्या घरात फिरतो आणि आवाज त्यांच्या घरात. नायजेरियात ही भानगड लपवत नाहीत. लागोससारख्या शहरांत साडेनऊशे वॉटचा टू-स्ट्रोक जनरेटर घरोघरी दिसायचा आणि लोकांनी त्याला चक्क ‘आय बेटर पास माय नेबर’ असे नाव ठेवले होते. शेजाऱ्यापेक्षा मी बरा! आपल्याकडे हीच भावना ‘मुलांच्या अभ्यासासाठी घेतलाय’ या पांघरुणाखाली झोपते.

शांत जनरेटरच्या स्पर्धेत महाराष्ट्रातून पहिला नंबर पुण्याचा, यात पुणेकराला नवल वाटणार नाही. 2006 साली राज्य भारनियमनाने बेजार असताना पुण्याने तोड काढली. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने ठरले, की टंचाईच्या तासांत कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, त्यांच्या वाट्याची वाचलेली वीज शहराला द्यायची आणि महागड्या डिझेलचा फरक ग्राहकांच्या बिलातून भरून काढायचा. वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि ‘पुणे मॉडेल’ गाजले. बाल्कनीत आवाज नाही, धूर नाही, दोरी ओढायची कटकट नाही. जनरेटर पार औद्योगिक वसाहतीत. त्याच काळात ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे बारा-बारा तास लाइट नसायची आणि शेतीपंपाला वीज आलीच तर मध्यरात्री यायची. तिथल्या शांततेला कोणी मॉडेल म्हटले नाही.

जनरेटर खरोखर लागतो तिथे डेसिबलची चर्चा होतही नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार राहिला. अशा वेळी विहिरीवरचा पंप उचलेल का, हा एकच प्रश्न असतो. एक एचपी म्हणजे 746 वॉट, म्हणून हजार वॉटचा जनरेटर पुरेल, हा हिशेब कागदावर ठीक. प्रत्यक्षात मोटर चालू होताना क्षणभर तीन ते सहा पट करंट ओढते आणि हजारवाला मान टाकतो. यंत्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली कमाल शक्ती थोडा वेळच मिळते. सतत किती मिळेल, तो आकडा बारीक अक्षरांत असतो आणि विकत घ्यायचा असतो तो तोच.

शहरातला गृहस्थ मात्र भार मोजत नाही, ऐट मोजतो. तीन पंखे 225 वॉट, पाच एलईडी ट्यूब 100, टीव्ही 100, राउटर 12. झाले साडेचारशेच्या आत. यासाठी 150 एएचची बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर तीनेक तास पुरतो आणि तो ना धूर सोडतो ना काकूंना उठवतो. पण बॅटरी कोपऱ्यात पडून असते, पाहुण्यांना दाखवता येत नाही. शिवाय तिच्यावर दीड टनाचा एसी चालत नाही. तो नसला तर शेजाऱ्यापेक्षा आपण बरे, हे सिद्ध कसे व्हायचे?

आवाजाची तक्रार वाढली की काही कल्पक मंडळी जनरेटर जिन्याखाली, संडासात किंवा काच लावून बंद केलेल्या बाल्कनीत हलवतात. आवाज खरोखर कमी होतो. इथे विनोद थांबवावा लागतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लुईझियानातून लॉरा चक्रीवादळ निघून गेले आणि वादळातून वाचलेली अनेक माणसे घरच्या जनरेटरच्या धुराने गेली. जनरेटर उघड्यावर, खिडक्यादारांपासून लांब ठेवायचा असतो. फ्लॅटमध्ये ते जमत नसेल, तर फ्लॅटमध्ये जनरेटर जमत नाही.

दुसरा जीवघेणा शहाणपणा दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरीचा. चेंजओव्हर बसवायचे पैसे वाचवून जनरेटर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडायचा, की सगळे घर उजळते. मेन स्विच उतरवायचा राहिला, तर हीच वीज उलट्या वाटेने डीपीपर्यंत जाते आणि तिथून 230 व्होल्टची 11 हजार होऊन तारेवर चढते. तारेवर त्या वेळी लाइनमन असतो, तुमचीच लाइट जोडायला आलेला.

पैशांचा विषय सगळ्यात शेवटी निघतो, कारण तोवर खरेदी झालेली असते. वरच्या होंडाच्या टाकीत 3.6 लिटर पेट्रोल मावते आणि 1800 वॉटच्या पूर्ण भारावर ते तीन तासांच्या जरा पुढे जाते. म्हणजे पावणेसहा युनिट. शंभर रुपये लिटर धरले, तरी युनिट साठ रुपयांच्या वर गेले, ऑइल-सर्व्हिसिंग वेगळे. महावितरणच्या बिलावर इंधन समायोजन आकारात काही पैसे वाढले म्हणून ग्राहक मंचाची भाषा बोलणारे गृहस्थ हे साठ रुपये विनातक्रार भरतात, वर कॅन घेऊन पंपावर रांगेतही उभे राहतात.

पुढे महिनोन्महिने लाइट जात नाही. टाकीतले पेट्रोल शिळे होते, त्यातले इथेनॉल हवेतली ओल पिते, कार्ब्युरेटरात चिकटा धरतो. एक दिवस लाइट जाते, गृहस्थ दोरी ओढतात, मुलगा ओढतो, वॉचमन ओढतो, आणि तेवढ्यात लाइट येते. मग यंत्र जुन्या बाजारात जाते. जाहिरातीत लिहिलेले असते: कंडिशन एकदम नवी, एकच मालक, आवाज अजिबात नाही. कार्ब्युरेटर साफ करून घेईपर्यंत त्यातले शेवटचे विधान अक्षरशः खरे असते.