तीन तासांचे पांडित्य
१९७९ सालच्या केंद्रीय नियमांन्वये, वकिलाने विधिमहाविद्यालयात दिवसाकाठी तीन तासांपर्यंत अध्यापन केले, तर पगार कितीही असो वा हुद्दा कोणताही असो, ती नोकरी अर्धवेळच मानली जाते. सत्यनिष्ठा अर्धवेळ की पूर्णवेळ, याचा खुलासा मात्र त्यांत नाही. त्यामुळे सकाळी वर्गात ज्या निवाड्याची साक्षेपाने चिरफाड केली, त्याचीच दुपारी, वकीलपत्र दाखल होताच, मुक्तकंठाने भलामण करताना आमच्या एका प्राध्यापकमहाशयांना यत्किंचितही संकोच वाटत नसे. वकिलाला ते शोभतेही. अशिलाची बाजू मांडणे हा त्याचा पेशाच. पण हेच गृहस्थ रात्री त्याच मुद्द्यावर ‘निःपक्ष’ लेख लिहीत. तळटिपांत वीस-वीस ग्रंथांचा हवाला असे, फीचा उल्लेख तेवढा राहून जाई.