रविवारची सायकलफेरी

रविवारची सायकलफेरी हा पुण्यातील आरोग्यसाधनेचा अत्यंत प्रगत प्रकार होय. आंतरराष्ट्रीय शर्यतींत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. मित्रमंडळात अशी आडकाठी नसल्याने दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी कार्बनचा हँडलबार बसवला जातो आणि चारचौघांत तो एका बोटावर तोलून दाखवला जातो. वाचलेले दोनशे ग्रॅम खडकवासल्याच्या चौपाटीवर कांदाभजीच्या रूपाने लगेच भरून काढतात. त्यामुळे निसर्गाचा समतोल बिघडत नाही.

अ‍ॅपमध्ये नोंद नसलेली फेरी झालेलीच नसते, हा या शास्त्राचा मूळ सिद्धान्त. म्हणून ४९.६ किलोमीटरवर घर आले, तर उरलेले चारशे मीटर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल फिरून पुरे करतात. वॉचमन गेट धरून उभा असतो. भज्यांची नोंद कोणीच करत नाही, सबब ती खाल्लेलीच नसतात.

चढावर दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला, पायात चपला घातलेला दूधवाला घंटी वाजवत सर्वांच्या पुढे निघून जातो. त्याच्याकडे अ‍ॅप नसल्याने मंडळाचा विक्रम अबाधित राहतो.